दहापैकी चार

मी एकतीस वर्षं कसबा पेठेतल्या एका शाळेत मराठी शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत निबंधाला कुणालाही दहापैकी दहा दिले नाहीत. आठ दिल्याचंही आठवत नाही. सात म्हणजे माझ्याकडे डोक्यावरून पाणी. एकदा एका मुलीचे वडील तिचा पेपर घेऊन तावातावाने शाळेत आले. म्हणाले, "बाई, यात चूक कुठे आहे ते दाखवा. चार मार्क कशाचे कापलेत?" मी म्हटलं, "चूक नाही म्हणून तर सहा दिलेत. चुका असत्या तर चारच दिले असते." ते गृहस्थ पुन्हा शाळेची पायरी चढले नाहीत. हा किस्सा स्टाफरूममध्ये बरीच वर्षं फिरत होता आणि मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. आमचे हे तर पाहुण्यांसमोर म्हणायचे, "हिने लग्नालासुद्धा साडेसहाच दिलेत, तेही वरचा अर्धा माझ्याकडे बघून."

हे आधी सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या सवयीमुळे झालं. निदान अर्धं तरी. उरलेलं अर्धं कुणाचं यावर मी अजूनही मनातल्या मनात भांडते.

निवृत्तीनंतर आम्ही धायरीला राहायला गेलो. तिथे रस्त्याचं काम कायम चालू असतं, संपलेलं मी पाहिलेलं नाही. एका सकाळी साडेसातला दूध घेऊन येताना वळणावर खडीत माझी स्कूटी घसरली. वेग काही नव्हता. पडताना सगळे करतात तेच मी केलं, उजवा हात टेकला. उठून बसले तेव्हा मनगट आणि कोपर यांच्या मधोमध हात वाकलेला होता, जणू तिथे आणखी एक सांधा आहे. मला आधी दुधाच्या पिशव्यांचीच काळजी वाटली. त्या शाबूत होत्या.

यांनी रिक्षा करून मला शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. एक्स-रे झाला. दोन्ही हाडं मोडली होती. हाडांचे मोठे सर्जन येऊन फोटो उजेडाकडे धरून म्हणाले, "उद्या सकाळी प्लेट बसवू. तोवर प्लास्टर घालून ठेवतो." मी एकच गोष्ट विचारली, लिहिता येईल ना. माझं अक्षर चांगलं आहे. नम्रता दाखवायची म्हणून सुद्धा मी ते नाकारणार नाही. माझ्या कितीतरी मुलांनी माझा 'ळ' आणि 'ण' उचलला आणि आज चाळिशी उलटलेली माणसं दुकानाच्या पाट्यांवर ते काढतात. सर्जन हसले. "तीन महिन्यांत पुन्हा पेपर तपासायला बसाल, मॅडम."

साडेदहाला मला वॉर्डात आणलं. कोपराच्या वरपासून तळव्यापर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर आणि त्यातून बाहेर आलेली पाच बोटं. हात उशीवर उंच ठेवला होता. सिस्टर आली, यवतमाळकडची, पंचविशीची, बोलायला गोड. तिच्या हातात एक तक्ता होता. त्यावर ओळीने गोल चेहरे काढलेले, शून्याखाली हसरा आणि दहाखाली रडका.

"किती दुखून राहिलं, मॅडम? शून्य ते दहामध्ये सांगा."

दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. पण हाड मोडलं म्हणजे दुखणारच. मी विचार केला तो परीक्षकाचा. दहा म्हणजे याच्यापुढे काही उरलं नाही. दोन बाळंतपणं झाली, त्यातलं पहिलं अठरा तासांचं. त्याला मी फार तर सात दिले असते. मग हे काय? शिवाय अजून दिवस जायचा होता, उद्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, वरचे मार्क हाताशी ठेवायला नकोत का? पहिल्याच पेपराला आठ देऊन बसलं की पुढे चांगला पेपर आल्यावर काय करायचं, हे मी नव्या शिक्षिकांना शिकवत आले होते.

"चार," मी म्हटलं.

तिने लिहून घेतलं.

शेजारच्या कॉटवर कसब्यातल्याच एक बाई होत्या. त्यांच्या घरचं पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांना कल्हई लावायचं दुकान, आता तिथे मुलगा स्टीलची भांडी विकतो. खुबा मोडला होता. सिस्टरने त्यांना तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "दहा. बारा असतील तर बारा लिही." आणि मोठ्याने रडायला लागल्या. पाच मिनिटांत त्यांना इंजेक्शन मिळालं. मी मान वळवून घेतली. त्यांना मी मनातल्या मनात तीन दिले, अतिशयोक्तीचा दोष म्हणून. हे मी केलं. आज लिहिताना लाज वाटते, पण केलं.

दुपारी एकपर्यंत हात जड झाला. प्लास्टर कुणीतरी आतून आवळत आहे असं वाटायला लागलं. हे म्हणाले, "सिस्टरला बोलावू का?" मी म्हटलं, "कशाला सारखा त्रास द्यायचा, ती तिच्या वेळेला येईलच." ती आली. मी विचार करून पाच सांगितले. एक मार्क वाढवणं ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. तिने डॉक्टरांना फोन लावला, धाकटे डॉक्टर, ते ऑपरेशन थिएटरमध्ये होते. मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "प्लास्टरवाल्या मॅडम, सर. पाच सांगतात. हो, सकाळी चार होतं. हो सर." मग साधी तापाला देतात ती गोळी आली.

दोन वाजता हे घरी गेले. विम्याची कागदपत्रं, माझे कपडे आणि चष्मा आणायचा होता. सिंहगड रोडने जाऊन यायला किती वेळ लागतो हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. मी एकटी राहिले.

त्यानंतरचे तीन तास मला नीट सांगता येत नाहीत. भाषेच्या शिक्षिकेने असं म्हणावं हे वाईट, पण खरं आहे. आधी दुखणं मोडलेल्या जागी होतं. मग ते सगळ्या हातात पसरलं, मग बोटांत उतरलं. हाताच्या आत काहीतरी फुगत होतं आणि त्याला जायला जागा नव्हती. उशी बदलली, हात खाली घेतला, वर घेतला. कुठेच ठेवता येईना. मी डाव्या हाताने चादर पिळत होते. दात आवळून जबडा दुखायला लागला. पंख्याची पाती मोजली. पाढे म्हटले, सत्तावीसचा, एकोणतीसचा. माझ्या तोंडून आवाज मात्र निघाला नाही. आमच्या घरी ओरडणं हे बेशिस्तीत धरायचे. आई म्हणायची, रडायचं असेल तर न्हाणीघरात जा. सलाईन लावलेली, हात मोडलेला, मी न्हाणीघरात तरी कशी जाणार?

तीन वाजता सिस्टर आली तेव्हा मी सहा म्हटलं. सहा. माझ्या हिशोबात मी किंचाळले होते. चूक नसलेल्या निबंधाला मी सहा देते, आणि त्या क्षणी मला हात तोडून फेकावासा वाटत होता. तिने लिहिलं आणि म्हणाली, "उद्या ऑपरेशन झालं की बरं वाटेल, मॅडम." ती दुसऱ्या कॉटकडे वळली. मला तिला सांगायचं होतं की अगं, माझा सहा हा तुझा सहा नाही. पण असं सांगणं म्हणजे स्वतःच स्वतःचे मार्क वाढवून मागणं. ते माझ्याकडून झालं नाही.

साडेचारला शेजारच्या बाई त्यांच्या इंजेक्शनच्या गुंगीतून जाग्या झाल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही ओरडत का नाही?"

"ओरडून दुखणं कमी होतं का?" मी म्हटलं.

"नाही होत. पण सिस्टर येते." मग त्या एका कोपरावर रेलून माझ्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा बदलला. "अहो, बोटं बघा तुमची. केवढी सुजलीत. आणि पांढरी पडलीत."

मी पाहिली. दिवसभर हात माझ्या डोळ्यांसमोर उशीवर होता आणि मी बोटांकडे पाहिलंच नव्हतं. ती माझी वाटत नव्हती. मेणाची केल्यासारखी फुगलेली, टणक. मी मधलं बोट हलवायला गेले. ते हललं नाही आणि कोपरापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा मी घाबरले. इतका वेळ मी सहन करत होते. आता मला भीती वाटायला लागली.

त्या बाईंनी खुबा मोडलेला असताना पूर्ण आवाज लावून हाक मारली, "सिस्टर, ह्यांचं बघा आधी. लवकर या." वॉर्डातले सगळे आमच्याकडे वळून बघायला लागले. सिस्टर धावत आली. मी तिला म्हटलं, "दहा. दहा लिहा." माझ्या आयुष्यातले पहिले दहा.

तिने तक्त्याकडे पाहिलं. "मॅडम, तीनला तर सहा होतं."

"ते चुकलं. दहा आहे. सकाळपासून दहाच असेल." मी रडत होते. "मी मार्क कमी देते हो. मला सवय आहे. मी कुणालाच देत नाही. तुम्ही हाताकडे बघा, आकड्याकडे बघू नका." ती पोर काय समजणार यातलं? तिला वाटलं, म्हातारी भ्रमात बोलते आहे. पण तिने बोटांना हात लावला आणि तिचा हात तिथेच थांबला. मग ती फोनकडे पळाली.

धाकटे डॉक्टर यायला पाच वाजून गेले. ते थिएटरमधून तसेच हिरव्या कपड्यांत आले होते. त्यांनी काही न विचारता माझं एक बोट धरून हळूच सरळ केलं आणि मी किंचाळले. आईने मला त्या दिवशी घराबाहेर काढलं असतं. त्यांनी दुसरं बोट केलं नाही. प्लास्टर कापायची मशीन मागवली, सर्जनना फोन लावला, आणि बोलताना आमच्याकडे पाठ केली. प्लास्टर उघडलं तेव्हा आतला हात ताणून चकाकत होता. मला वाटलं, आता सुटले. पण दुखणं तसूभर हललं नाही.

सर्जन सातला पोचले. त्यांनी मला समजावून सांगितलं, ते त्यांना टाळता आलं असतं, म्हणून त्यांचं हे मी चांगलं मानते. मोडलेल्या हाडांभोवती आत सूज वाढते. तिला जागा मिळाली नाही की ती रक्ताच्या वाटा दाबते. रक्त न मिळालेला स्नायू काही तासच तग धरतो. आता हाताला लांब चिरे देऊन आतला दाब सोडवायचा आणि स्नायू किती जिवंत आहे ते बघायचं.

"किती तास झाले?" मी विचारलं.

"ते तुम्हीच सांगू शकाल, मॅडम. खूप दुखायला कधीपासून लागलं?"

हे नुकतेच पिशवी घेऊन येऊन उभे होते. माझा चष्मा त्यांच्या हातात होता. मी त्यांच्यासमोर म्हटलं, "एक वाजल्यापासून." यांनी मान खाली घातली. मी तेव्हा त्यांना म्हटलं होतं, कशाला त्रास द्यायचा.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि पहिली गोष्ट मला जाणवली ती ही की हात दुखत नव्हता. वर चीर दिलेल्या जागी ठणकत होतं, पण मनगटाच्या खाली अगदी शांत. मला इतका आनंद झाला की मी यांना हाक मारून सांगितलं. सिस्टर आली, तीच. तिने खालच्या आवाजात विचारलं, "बोटं किती दुखतात?"

"शून्य," मी हसून म्हटलं.

ती हसली नाही. राउंडला सर्जन आले, तक्ता वाचला, आणि म्हणाले, "बोटं हलवा बरं." मी हलवली. म्हणजे, मी माझ्याकडून हलवली. अंगठा जरासा वळला. बाकीची चार होती तशी पडून राहिली. त्यांनी माझ्या तर्जनीला हात लावला होता हे मला त्यांचा हात बघून कळलं.

त्या दिवसापासून मी दुखणं मागायला लागले. कुणाला हसू येईल. मी कधी फारसं देवदेव केलं नाही, पण त्या कॉटवर पडून रोज म्हणायचे, दुखू दे. कालच्यासारखं दुखू दे, मी ओरडेन, वॉर्ड डोक्यावर घेईन, पूर्ण दहा देईन. हाताला टाके घातलेले नव्हते. जखम उघडीच ठेवून वर जाड बँडेज होतं, दर दोन दिवसांनी थिएटरमध्ये नेऊन ते बदलायचे आणि मेलेला भाग काढायचे. दर वेळी थोडा भाग निघाला असं सांगायचे. किती ते मी विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटून घ्यायचे. हे मला वरणभात भरवायचे. यांना भरवता येत नाही, घास मोठा करतात. "येईल गं," म्हणायचे. कुठून येईल ते यांनाही माहीत नव्हतं. एकदा यांनी माझी वेणी घातली, ती संध्याकाळपर्यंत सुटली आणि मी त्यावरून यांच्यावर नको इतकी चिडले. चिडायला दुसरं काही हाती नव्हतं.

चौथ्या दिवशी सिस्टर तिची ड्यूटी संपल्यावर कॉटजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, मी बोटं बघायला पाहिजे होती." ती रडवेली झाली होती. तिला बरं वाटेल असं काहीतरी मी बोलायला हवं होतं, एवढी वर्षं मुलांमध्ये काढलेल्या बाईने तरी. मी म्हटलं, "हो, बघायला हवी होती." ती गेली. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "चूक दोघींची होती, बाई, आणि रडतेय ती एकटी." दुसऱ्या दिवशी सिस्टरची बदली दुसऱ्या मजल्यावर झाली होती.

नवव्या दिवशी दुपारी सर्जन एक बारीक सुई घेऊन आले. आज ठरवायचं होतं. बोटांत थोडीही जाणीव परतली असेल तर वाट बघायची, नसेल तर पुढचं सगळं वेगळं. हे त्यांनी दाराशी यांना सांगितलं होतं आणि यांनी मला. यांना माझ्यापासून काही लपवता येत नाही.

"डोळे मिटा," सर्जन म्हणाले. "टोचलं की हो म्हणा आणि कुठलं बोट ते सांगा."

मी डोळे मिटले. आधी त्यांनी दंडाला टोचलं. "हो," मी म्हटलं. कोपराला टोचलं, "हो." मग अंगठा, तिथे काहीतरी झालं, लांबून कुणी हाक मारावी तितकंच, पण झालं. "हो, अंगठा." यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मग काही नाही. काहीच नाही. मी वाट बघत होते आणि मला कळत होतं की आता टोचत असतील, आता टोचून झालं असेल, आता माझ्या तोंडाकडे बघत असतील. परीक्षेत उत्तर न येणारी मुलं माझ्या चेहऱ्यावरून उत्तर शोधायची, ती मला एका नजरेत कळायची. मी आता तेच करत होते, आणि तेही डोळे मिटून. त्यांच्या बाहीची सळसळ ऐकत होते. ते थोडे पुढे वाकले असं वाटलं.

"हो," मी म्हटलं. "मधलं बोट."

"किती जाणवलं?"

"सहा." कोऱ्या पेपराला मी आयुष्यात कधी मार्क दिले नव्हते. तेव्हा दिले, आणि जमलं असतं तर आणखी दिले असते. "सात. सात म्हणा."

सर्जन हळूच म्हणाले, "मॅडम, मी अजून टोचलेलं नाही."

मी डोळे उघडले नाहीत. "मग टोचा," मी म्हटलं.

त्यांनी टोचलं असावं, कारण थोड्या वेळाने सुई ट्रेमध्ये परत ठेवल्याचा आवाज आला.